हाशेकची गोष्ट, तुझ्या नव्या गोलरक्षकासाठी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. खडकीच्या तुझ्या हॉकी संघातला नवा मुलगा चेंडू अडवतो खरा, पण त्याचे उभे राहणे, पडणे, काठी धरणे यांतले काहीच शिकवल्यासारखे नाही. तेव्हा त्याला मुळापासून नव्याने शिकवावे की दुसरा गोलरक्षक शोधावा, असे तू विचारले आहेस. ते वाचताना मला सारखा डोमिनिक हाशेक आठवत राहिला. टोरांटोला आल्यापासून मी आइस हॉकी, म्हणजे बर्फावरची हॉकी, मनापासून पाहतो, आणि या एका गोलरक्षकाची कारकीर्द तू निर्णय घेण्यापूर्वी जाणून घ्यावीस असे मला फार वाटते.

आधी या खेळातला फरक सांगतो. तुमचा गोल 12 फूट रुंद आणि 7 फूट उंच असतो. यांचा 6 फूट रुंद आणि 4 फूट उंच. पण चेंडूऐवजी येथे पक असतो, म्हणजे कडक रबराची 3 इंच व्यासाची, सुमारे 170 ग्रॅम वजनाची चकती. ती ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगानेही येते आणि मधल्या खेळाडूंच्या गर्दीत पुष्कळदा दिसतही नाही. म्हणून गोलरक्षकाला पुढे सरकून कोन लहान करायला, अंग फटक्याच्या समोर ठेवायला आणि विनाकारण हलू नये असे शिकवतात. हाशेक मात्र पाठीवर पडायचा, दोन्ही पाय हवेत फेकायचा, गडबडा लोळायचा, प्रसंगी काठी टाकून देऊन त्याच हाताने पक उचलायचा. पाहणाऱ्याला वाटे, याचे दैव बलवत्तर आहे. परंतु त्या लोळण्यात हिशेब होता. अगदी जवळून मारलेला पक एकदम उंच उठवणे कठीण असते, म्हणून तो बर्फालगतची जागा आधी अंगाने बंद करी, आणि त्याचे शरीर इतके लवचीक होते की वरची जागा हातापायांनी नंतरही गाठता येई. शिवाय कोणताही फटका त्याने हातचा गेला असे मानले नाही, सरावातसुद्धा नाही.

त्याचा जन्म 1965 साली चेकोस्लोव्हाकियातल्या पार्दुबित्से या गावी झाला. सहा वर्षांचा असताना वडील त्याला निवड चाचणीला घेऊन गेले. त्याच्याकडे धड स्केट नव्हते, बुटांच्या तळांना स्क्रूने बसवायची पाती तेवढी होती. पण तो उंच होता आणि नऊ वर्षांच्या मुलांच्या संघाला गोलरक्षक हवा होता, म्हणून त्याला तेथे उभे केले. सोळाव्या वर्षी तो देशाच्या वरच्या साखळीत खेळू लागला. 1983 साली एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक साखळीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत शिकागो संघाने त्याला निवडले, तेही दहाव्या फेरीत, 199 व्या क्रमांकावर, आणि ही बातमी त्याला कित्येक महिन्यांनी समजली. दरम्यान शिक्षक होण्याचा अभ्यास त्याने पूर्ण केला, आणि 1986 पासून सलग पाच वर्षे आपल्या साखळीतला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. साम्यवादी राजवट कोसळल्यावर, 1990 साली, तो अमेरिकेत आला तेव्हा पंचविशीत होता.

येथपर्यंतचे वाचून तुला वाटेल की आता त्याचे दिवस आले. तसे झाले नाही. शिकागोत एड बेलफोर हा ऐन भरातला गोलरक्षक होता, त्यामुळे दोन मोसमांत मिळून हाशेकच्या वाट्याला एनएचएलचे 25 सामने आले; उरलेला बराच काळ तो इंडियानापोलिसच्या दुय्यम संघात खेळला. 1992 साली शिकागोने त्याला बफेलोला देऊन टाकले. तेथेही पुढे ग्रँट फ्यूर हा नावाजलेला गोलरक्षक आला. 1993-94 च्या मोसमात फ्यूर जखमी झाला आणि हाशेकला सलग खेळायला मिळाले, तेव्हा त्याने सामन्यामागे सरासरी 1.95 गोलच होऊ दिले. 1974 नंतर दोनच्या खाली कोणी गेले नव्हते. त्याच मोसमात, 27 एप्रिल 1994 रोजी, न्यू जर्सीविरुद्धचा सामना चार जादा सत्रांपर्यंत लांबला. हाशेकने 70 फटके अडवले आणि बफेलोने 1-0 असा विजय मिळवला. वय 29 वर्षे. विचार कर, फ्यूर जखमी झाला नसता तर?

पुढे सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक त्याला सहा वेळा मिळाला, आणि साखळीतल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक दोनदा, जो दुसऱ्या कोणत्याही गोलरक्षकाला दोनदा मिळालेला नाही. त्याचा स्वभाव मात्र सोपा नव्हता. 1997 साली एका पत्रकाराच्या अंगावर गेल्याबद्दल त्याच्यावर बंदी आली, प्रशिक्षकाशी त्याचे बिनसले आणि बफेलोच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ते त्याने ओढवून घेतले होते, असे माझे मत आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी जपानमधल्या नागानोचे हिवाळी ऑलिंपिक आले. एनएचएलमधले मोठे खेळाडू प्रथमच तेथे उतरले होते. उपांत्य सामन्यात हाशेकच्या चेक संघाविरुद्ध कॅनडाने शेवटच्या सुमारे मिनिटभरात बरोबरी साधली आणि शूटआउटची, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकावर चालून जाण्याची, वेळ आली. फ्लुरी, बोर्क, न्यूवेंडाइक, लिंड्रोस, शॅनहन असे पाच जण एकामागून एक आले आणि हाशेकने पाचही जणांना रोखले. चेककडून एकटा राइखेल गोल करू शकला, तेवढ्यावर सामना जिंकला. 22 फेब्रुवारी 1998 रोजी अंतिम सामन्यात रशियाला एकही गोल करता आला नाही. स्वोबोदाचा एक गोल पुरला. त्या शूटआउटचे चित्रण मी अजूनही अधूनमधून पाहतो, आणि प्रत्येक वेळी लक्षात येते की तो कसाही कोसळला तरी डोळे पकवरून हटत नाहीत.

नंतरचे थोडक्यात सांगतो. डेट्रॉइटकडून त्याने 2002 साली स्टॅनली करंडक, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला, 2008 साली पुन्हा, पण त्या खेपेस बाद फेरीच्या सुरुवातीलाच जागा गमावून राखीव म्हणून. 2010 साली, पंचेचाळीसाव्या वर्षी, आपल्या पार्दुबित्सेला त्याने चेक विजेतेपद मिळवून दिले. एनएचएलमधल्या सबंध कारकिर्दीत त्याच्यावर आलेल्या फटक्यांपैकी 92.2 टक्के त्याने अडवले. दैवावर हा आकडा उभा राहत नाही.

तुझ्या खेळाचे नियम वेगळे आहेत. चेंडूवर आडवे पडून तो दाबून धरला तर पंच शिक्षा देतील, तेवढे त्या मुलाला अवश्य शिकव. पण बाकीचे बदलण्याआधी काही सामने त्याच्यावर आलेले फटके आणि झालेले गोल वहीत लिहून काढ, आणि पडल्यावर त्याचे डोळे चेंडूकडे राहतात की नाही ते पाहा. राहत असतील तर दुसरा गोलरक्षक शोधू नकोस. सामन्याचे चित्रण करता आले तर मलाही पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही