अलास्का क्रूझला येणाऱ्या सभासदांसाठी: विम्याचं आत्ताच बघा

सभासदहो, नमस्कार.

ज्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा दुसरा जुना आजार आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. बुकिंगची पहिली रक्कम भरली की दिवस मोजायला लागा. अमेरिकेतल्या बऱ्याच विमा कंपन्या त्यानंतर साधारण १४ ते २१ दिवसांत प्रवास विम्याची पॉलिसी घेतली तरच ‘जुन्या आजाराचा खर्च देणार नाही’ ही अट माफ करतात. तेही, सहलीचा परत न मिळणारा सगळा खर्च विम्यात धरला आणि पॉलिसी घेताना तब्येत प्रवासाला योग्य असली तर. मुदत हुकली की पॉलिसी घेण्याआधीच्या ६० ते १८० दिवसांतले उपचार तपासले जातात. त्या काळात डॉक्टरांनी गोळीचा डोस जरी बदलला असेल, तरी दावा अडू शकतो. म्हणून किंमत बघून पॉलिसी निवडू नका.

मेडिकेअरवर (अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) विसंबू नका. अमेरिकी बंदरापासून सहा तासांपेक्षा दूर असलेल्या जहाजावरचे उपचार त्यात बसत नाहीत. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल आधी आपल्याच खात्यावर पडतं, त्यामुळे पावत्या जपा. हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर न्यावं लागलं तर खर्च फार मोठा होतो, तेव्हा त्यासाठीची रक्कम पॉलिसीत भरपूर हवी.

भारतातून आलेल्या आईबाबांना नेणार असाल तर जास्त काळजी घ्या. व्हिजिटर विम्यात (अमेरिकेत भेटीला आलेल्यांसाठीचा विमा) जुना आजार बहुधा अचानक बळावला तरच धरतात, तोही वयाच्या मर्यादेत. कॅनडातला थांबा आणि जहाजावरचे दिवस त्यात येतात का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

आजार लपवू नका, ही कळकळीची विनंती. औषधांची यादी आणि पॉलिसीची प्रत सोबत ठेवा.