तीन वर्षांखालच्या मुलांशी बोलायचे कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या शिक्षणाची आपल्याकडील चर्चा बहुधा तिसऱ्या वर्षापासून पुढची असते. नर्सरीचा प्रवेश, फी, माध्यम आणि पाटीवर अक्षरे कधी गिरवून घ्यायची, एवढ्यातच ती संपते. त्याआधीचे मूल मात्र वजनकाटा, लसीकरण आणि घरपोच आहाराची पाकिटे यांपलीकडे कुणाच्या हिशेबात नसते. अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून पलूस-कडेगाव भागात काम करताना मी हे जवळून पाहिले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

जमैकातील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत 1986-87 साली एक अभ्यास सुरू झाला. वयाच्या मानाने उंची खुंटलेली, 9 ते 24 महिन्यांची 129 मुले निवडून सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला पूरक आहार दिला, दुसऱ्याच्या घरी आरोग्यसेविकेची आठवड्यातून तासाभराची भेट ठेवली, तिसऱ्याला दोन्ही दिले आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही. सेविका टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन जाई, आईला सोबत घेऊन मुलाशी खेळे, बोले आणि पुढच्या भेटीपर्यंत तो खेळ आईवर सोपवून येई. हे दोन वर्षे चालले. सुरुवातीला आहाराचाही मुलांच्या विकासाला फायदा झालेला दिसला, परंतु मुले मोठी झाल्यावर तो टिकलेला आढळला नाही. भेटींचा मात्र टिकला. वयाच्या बाविसाव्या वर्षी, भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी अधिक होती, असे 2014 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. (यावरून पाकिटे बंद करावीत असा अर्थ कुणी काढू नये. उपाशी मूल खेळत नाही.)

गृहभेट आपल्याकडेही आहे. परंतु अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर नोंदींचा एवढा बोजा असतो की वजन, पाकिटे आणि मोबाइलवरची माहिती भरून होईतो पुढच्या घराची वेळ होते, आणि ज्याच्यासाठी ती आली ते मूल आईच्या मांडीवर बसून सेविकेच्या मोबाइलकडे टकमक बघत राहते. घरोघरीही बाळाला भरवताना समोर मोबाइलच असतो. त्यावरची बडबडगीते ऐकून मूल लवकर बोलेल असे मानणाऱ्यांनी अमेरिकन संशोधिका पॅट्रिशिया कूल यांचा 2003 सालचा प्रयोग लक्षात घ्यावा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपैकी काहींशी चिनी भाषिक व्यक्ती समोर बसून बारा वेळा खेळल्या-बोलल्या, तर काहींना तेच बोलणे पडद्यावर दाखवले गेले. पहिल्या गटातील बाळांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. पडद्यासमोरची बाळे काहीच शिकली नाहीत.

या साऱ्यात सर्वांत मागे पडते ते ऊसतोड मजुरांचे मूल. गळीत हंगामात बीडकडून आणि आपल्याच जत तालुक्यातून टोळ्या येतात. पहाटे अंधारातच कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, फडात जातात. अंगावर पिणारे मूल बांधाला पाचटावर चिंधी अंथरून निजवलेले असते किंवा कोपीपाशी, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीपाशी, आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. ती बहीणही त्यापायी शाळेला मुकते. दिवसभर त्या बाळाच्या हुंकाराला हुंकार देणारे मोठे माणूस जवळपास नसते. आईला माया नाही असे नव्हे. मोळ्या बांधून, गाडी भरून ती परतते तेव्हा तिच्यात बोलण्याचे त्राण उरलेले नसते.

केंद्र सरकारने 2024 साली जन्म ते तीन वर्षे या वयासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा प्रसिद्ध केला आहे, म्हणजे कागदावर सारे आहे. अडते ते सेविकेच्या वेळेपाशी. तिची नोंदींची कामे कमी करून गृहभेटीतील निदान अर्धा तास खेळासाठी राखून ठेवावा, ही माझी पहिली विनंती. दुसरी साखर कारखान्यांना आहे. किती कोयते आले याची नोंद ते ठेवतातच. त्याच वेळी तीन वर्षांखालील मुलांचीही नोंद करून ती जवळच्या अंगणवाडीला द्यावी, आणि कोप्यांच्या तळावर पत्र्याची शेड, पिण्याचे पाणी व टोळीतल्याच एखाद्या जाणत्या बाईला मुले सांभाळण्यासाठी दिवसाची पुरी मजुरी, एवढी तजवीज येत्या हंगामाची मोळी टाकण्यापूर्वी, म्हणजे गाळप सुरू होण्याआधी, करावी.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका,
पलूस, जि. सांगली