क्लासातला फोन नीट करून देणाऱ्या दादांना

दादा,
स. न. वि. वि.

रामबागेतल्या आमच्या गाण्याच्या क्लासात जुना फोन दिवसभर तंबोरा वाजवतो, तोही चार्जर लावूनच. बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली राहिली की लवकर खराब होते, फुगण्याचीही भीती असते. फोन रूट करून, म्हणजे त्याच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवून, चार्जिंगला ८० टक्क्यांवर लगाम घालायचा, एवढंच मला हवं होतं. एका दुकानात "भंगारात द्या" असं उत्तर मिळालं. तुम्ही मुलीला क्लासला सोडायला आलात आणि लॅपटॉप उघडून बसलात. त्याचे हे जाहीर आभार.

केबल जोडण्याआधी तुमचा पहिला प्रश्न होता, "ताई, यात मुलांची रेकॉर्डिंग असतील ना? बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक केला की फोन सगळा डेटा पुसतो. आधी ती काढून घेऊ." नुसती कॉपी करून तुम्ही थांबला नाहीत. लॅपटॉपवर यमनची एक बंदिश शेवटपर्यंत वाजवून पाहिलीत, मगच पुढचं काम.

फोनच्या बिल्ड नंबरशी (सिस्टिमच्या आवृत्तीशी) तंतोतंत जुळणारीच बूट इमेज, म्हणजे फोन सुरू होताना लागणारी फाइल, तुम्ही शोधलीत आणि मॅजिस्क या रूट करणाऱ्या ॲपने पॅच केलीत. ती थेट फ्लॅश न करता, म्हणजे फोनमध्ये कायमची न बसवता, फास्टबूटमधून (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देण्याच्या मोडमधून) एकदाच चालवून बघितलीत. बिनसलं असतं तर रीस्टार्ट करताच मूळ इमेज परत आली असती. ही खबरदारी मला फार मोलाची वाटते. सगळं ठीक आहे म्हटल्यावरच फ्लॅश केलीत आणि चार्जिंगला मर्यादा घालणारं एसीसी मॉड्यूल घातलंत.

पण सगळ्यात मोठे आभार तुम्ही जे केलं नाहीत त्याचे. मी पाहिलेल्या व्हिडिओत एन्क्रिप्शन (फोनमधला डेटा सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवणं) काढा, व्हेरिटी (सिस्टिममध्ये फेरफार झालाय का याची तपासणी) बंद करा असं सांगितलं होतं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. अनलॉक केलेला हा फोन बदललेली बूट इमेज तशीच चालवतो, मग त्या तपासणीची माहिती ठेवणाऱ्या व्हीबीमेटाला हात कशाला? आणि एन्क्रिप्शन काढलं तर हरवलेल्या फोनमधून पालकांचे नंबर, मुलांचे फोटो कुणीही वाचेल. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांत एन्क्रिप्शन सक्तीचं आहे ते काही उगाच नाही, हे तुम्ही मला नीट समजावलंत. अनलॉकमुळे सुरक्षा थोडी सैल होते हेही लपवलं नाहीत. सुरू होताना दिसणारा इशारा आता कायम राहणार, बँकेचं ॲप या फोनवर ठेवायचं नाही, आणि बदललेली इमेज असताना बूटलोडर परत लॉक करायचा नाही, नाहीतर पडताळणीत नापास होऊन फोन सुरूच होणार नाही. हे सगळं तुम्ही कागदावर लिहून दिलंत. तो कागद मी हार्मोनियमच्या पेटीवर चिकटवलाय.

मूळ इमेजचा पेनड्राइव्ह माझ्या कपाटात आहे. क्लासातल्या दोन मोठ्या मुलांना हे काम तुमच्याकडून शिकायचंय. शनिवारी संध्याकाळी जमेल का, तेवढं कळवा.

आपली,
क्लासची ताई