अक्का, खालचा थर आता नीट बसतो

अक्का,

प्रबंधात आभारासाठी एक पान असतं. त्यात तुमच्या वाट्याला ‘उपयुक्त चर्चेबद्दल’ एवढीच ओळ आली. चर्चा कसली, तुम्ही हाताला धरून शिकवलंत. म्हणून हे उघड पत्र. पेरोव्स्काइटच्या (खास स्फटिकरचनेचा, शाईसारख्या द्रावणातून काचेवर पसरवता येणारा पदार्थ) सोलर सेलवर आणखी कुणी धडपडत असेल, तर त्यालाही यातलं काही उपयोगी पडेल.

तुम्ही आमच्या लॅबमध्ये आलात तेव्हा आमचं सगळं लक्ष पेरोव्स्काइटच्या शाईवर होतं. फॉर्मामिडिनियम वाढव, ब्रोमाइड कमी कर, क्लोरोबेंझीनचा थेंब जरा आधी टाक. फिल्म काळी, चकचकीत यायची, पण व्होल्टेज काही वर सरकेना. तुम्ही काच हातात घेतलीत, उजेडाकडे तिरपी धरलीत आणि म्हणालात, “वरचं राहू दे. खाली काय घातलंयस ते सांग की.”

खाली, म्हणजे पेरोव्स्काइटच्या बुडाशी, पेडॉट-पीएसएस हे वीज वाहणारं पॉलिमर होतं, कारण सगळे तेच घालतात. ते आम्लधर्मी आणि ओल धरणारं. पीटीएए हे दुसरं पॉलिमर त्याहून बरं, पण त्याची किंमत ऐकूनच आमचं बजेट आडवं व्हायचं. मग तुम्ही २पीएसीझेड (2PACz) या रेणूचं नाव काढलंत. हे रेणू लिथुआनियातल्या काउनास तंत्रज्ञान विद्यापीठातले, बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने सेलमध्ये वापरून दाखवलेले. वहीत रचना काढण्याऐवजी तुम्ही बेसिनजवळचा टर्किश टॉवेल ओढलात आणि त्यावर उभे असलेले लूप दाखवलेत. रेणूचं फॉस्फॉनिक आम्लाचं टोक आयटीओच्या (काचेवरचा पारदर्शक, वीज वाहणारा थर) ऑक्साइडला घट्ट धरतं, कार्बाझोलचं डोकं वर राहतं. कुणी रचायला लागत नाही, रेणू आपले आपण उभे राहतात. थर जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा, आणि तेवढ्यावर सगळं फिरतं. इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, धन प्रभारासारखी वागणारी) खालच्या सीमेवरच्या दोषांपाशी भेटले की त्यांची नुसती उष्णता होते आणि व्होल्टेज तिथंच गळतं. हा थर होलला वाट देतो, इलेक्ट्रॉनला अडवतो, आणि गळती बरीच थांबते.

जो थर डोळ्यांना दिसतच नाही तो बसलाय हे ओळखायचं कसं? तुमचा थेंबाचा उपाय मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला दाखवते. यूव्ही-ओझोनने साफ करून काढलेल्या आयटीओवर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच पसरतो. रेणू बसवून, १०० अंशांवर दहा मिनिटं तापवून, इथेनॉलने धुऊन पुन्हा टाकला की फुगीर उभा राहतो. मोबाइल काचेच्या बरोबरीने आडवा धरून फोटो काढायचा, बस. कॉन्टॅक्ट अँगलचं, म्हणजे थेंबाच्या कडेचा कोन मोजायचं, यंत्र नाही म्हणून आमचं अडत नाही.

आणि ती कुपी! जाताना तुम्ही स्वतःच्या साठ्यातले काही मिलिग्रॅम काढून दिलेत. एवढ्याशाने काय होणार असं वाटलं होतं. पण एक मिलिमोलरचं द्रावण करायला एका मिलिलिटर इथेनॉलमध्ये पाव मिलिग्रॅमच्या जरा वर पुरतं, आणि एका काचेला लागतात थोडेच मायक्रोलिटर. ज्या क्षेत्रात लोक रेसिपीसुद्धा हातचं राखून सांगतात, तिथं तुम्ही माल देऊन गेलात.

पुढे मिथाइल-४पीएसीझेड (Me-4PACz) हा त्याच घरातला रेणू वापरायला घेतला आणि शाई त्यावर टिकेचना. डीएमएफ या द्रावकातलं शाईचं द्रावण कडेला पळायचं, मधे काच उघडी. तुम्ही तिकडून फोनवर सांगितलंत की चार कार्बनची साखळी आणि वरचे मिथाइल यांमुळे पृष्ठभाग जास्तच तेलकट होतो. शाईशी जमवून घेणारा दुसरा रेणू थोडा मिसळ. मिसळला, आणि फिल्म काठापासून काठापर्यंत आली. शाईतल्या लेड आयोडाइडचा, म्हणजे विषारी शिशाचा, कचरा वेगळ्या बाटलीत, चिठ्ठी लावून, हे मात्र त्या फोनवरही बजावायला विसरला नाहीत.

२००९ मध्ये जपानमधला पहिला पेरोव्स्काइट सेल ३.८ टक्के कार्यक्षमतेचा होता. २०२० मध्ये याच मिथाइल-४पीएसीझेडवर बर्लिनच्या गटाने पेरोव्स्काइटखाली सिलिकॉनचा सेल जोडून २९.१५ टक्के गाठले. आकडे छान आहेत, पण ते बहुतेक चौरस सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान तुकड्यावरचे. मला त्यापेक्षा सोलापूरचा मे महिना महत्त्वाचा वाटतो. पारा ४३ च्या पुढे गेला की छतावरचं पॅनेल ६५-७० अंशांना सहज पोचतं. इथली कोरडी हवा फिल्म करताना फायद्याची, हे तुम्ही म्हणायचात ते खरंच आहे. पण सेलला पुढे आयुष्य याच उन्हात काढायचंय.

म्हणून आभारासोबत एक प्रश्नही. ८५ अंशांवर बराच वेळ ठेवलेल्या सेलचं व्होल्टेज हळूहळू उतरतंय. रेणू आयटीओवरून सुटताहेत, की सुरुवातीलाच जिथं विरळ बसले होते त्या जागा आता उघड्या पडताहेत? मला दुसरं वाटतं, कारण द्रावणात रेणूंचे पुंजके होतात आणि थर सगळीकडे सारखा बसत नाही. थेंबाचे फोटो मेलवर टाकलेत. सवडीने बघा, आणि सुट्टीत आलात की थेट लॅबमध्येच या. शेंगाचटणी तिथंच मिळेल.

तुमची,
सोलापूरची विद्यार्थिनी