बेरीज नऊ

डिडकॉट, इंग्लंड
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा खंडेनवमीला घराशेजारच्या गॅरेजात जुनी चादर अंथरली आणि सगळे पाने मांडले. सात-सोळा, अर्धा, नऊ-सोळा इंची, चढत्या मापानं, अण्णा कोल्हापुरात उद्यमनगरातल्या गॅरेजात मांडायचे तसेच. थोरलीनं एकेका पान्यावर हळदकुंकू वाहिलं, धाकट्यानं कुंडीतले झेंडू खुडून आणले आणि गाडीच्या बॉनेटवर हार चढला. तेव्हा तुमची इतकी आठवण झाली की सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं. अण्णांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणालास ना? मग हे पत्र त्यांना सावकाश वाचून दाखव. यातलं अर्धं त्यांच्यासाठीच आहे.

गाडीचे फोटो तू पाहिलेस. एमजीबी जीटी, १९७१ ची, मोरपिसाच्या रंगाची. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळ ऑक्सफर्डचं. एमजीबीचं उत्पादन १९६२ ते १९८० चाललं, आणि ते आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवरच्या ॲबिंग्डनला. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. आधी आली ती उघड्या टपाची, दोघांपुरती. १९६५ साली पिनिनफरिना या इटालियन मंडळींनी तिला छप्पर आणि मागं उघडणारं काचेचं दार दिलं, ती जीटी. तिच्यात मागं एक अरुंद बाक आहे. मोठा माणूस तिथं बसूच शकत नाही, पण तेरा आणि आठ वर्षांची दोन पोरं बसतात. मी उघड्या टपाची घेतली नाही ती याचसाठी. दोघांनी फिरायला जायचं आणि पोरांनी घरी थांबायचं, असलं खेळणं मला नको होतं.

घ्यायचं डोक्यात कसं आलं तेही सांगतो. गेल्या वर्षी आमच्या रोजच्या गाडीत डॅशबोर्डवर दिवा लागला. मी बॉनेट उघडलं. थोरली शेजारी उभी. आत नुसतं काळं प्लॅस्टिकचं झाकण. ती म्हणाली, "बाबा, यात इंजिन कुठाय?" मला बोट दाखवता येईना. तिच्या वयाचा असताना मी शाळा सुटली की तुझ्याबरोबर गॅरेजात यायचो, अण्णांच्या हातात हवा तो पाना द्यायचो, सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचो. हे तिला कुठून मिळणार, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून जुन्या गाड्या बघायला लागलो.

पाच गाड्या पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. अण्णा म्हणायचे ना, गिऱ्हाईक इंजिनचा आवाज ऐकून गाडी घेतं आणि पत्र्यापायी बुडतं. एमजीबीच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरं आहे. तिला वेगळी चॅसी नाही, सगळी ताकद बॉडीतच, आणि त्यातली मोठी ताकद दाराखालच्या पेटीसारख्या सिलमध्ये. ती सिल आतून कुजते. तिसरी गाडी लाल होती, आरशासारखी चकचकीत. चाकामागच्या कोपऱ्यावर चुंबक धरलं तर चिकटेचना. पत्रा नाहीच, नुसती लांबी, म्हणजे पुटी, भरलेली. हात जोडून बाहेर पडलो.

आमची गाडी एका निवृत्त शिक्षकांकडे अकरा वर्षं कोरड्या गॅरेजात उभी होती. इंजिन बंद, ब्रेक जाम, पण बाहेरून पत्रा प्रामाणिक वाटला. ४,२०० पाउंडांत ठरली. पुढं सिल कापल्यावर मात्र कळलं की फार पूर्वी कुणीतरी कुजलेल्या पत्र्यावरच वरून नवा पत्रा चढवला होता आणि रंग मारून मोकळा झाला होता. त्या शिक्षकांना याची कल्पनाही नव्हती. मला खूप राग आला, बंड्या. त्या पत्र्याच्या भरवशावर कुणीतरी आपली पोरं मागं बसवून गाडी चालवलीच असेल ना!

वेल्डिंगला एक साठीतला माणूस मिळाला, अण्णांच्याच जातकुळीचा. बोलणं कमी, मोजणं जास्त. कापायच्या आधी त्यानं दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप टाके मारून बसवला आणि गाडीचा भार चाकांवर असतो तसा ठेवून आधार दिले. नाही तर सिल कापली की गाडी मध्ये दबते, आणि नवी सिल त्याच दबल्या अवस्थेत जोडली जाते. मग दार आयुष्यात नीट लागत नाही. आतली सिल, मधला पडदा, खालची पट्टी, बाहेरची सिल, असं क्रमानं सगळं बदललं. सहा शनिवार-रविवार मी ग्राइंडर धरला. मजुरीचे २,६०० पाउंड गेले आणि त्यातल्या एकाही पाउंडाचं मला वाईट वाटत नाही. आता दार ओठांवर ओठ मिटावेत तसं लागतं.

सुट्या भागांचं सुख तर विचारू नकोस. ऑक्सफर्डजवळ विटनीला एक कंपनी मूळ साच्यांवर या गाडीची अख्खी नवी बॉडी काढते, १९८८ पासून. वायशर, रबर, पिनसुद्धा पोस्टानं घरी येतात. आपण एका बुशसाठी, म्हणजे भोकात बसणाऱ्या छोट्या नळीसाठी, उद्यमनगरभर लेथ धुंडाळायचो!

आता अण्णांना सांगायची मुख्य गोष्ट.

प्लगच्या भोकांतून तेल सोडून आठवडाभर ठेवलं, मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळूच ढकलली. इंजिन फिरलं. त्या संध्याकाळी व्हॉल्व्ह कव्हर काढलं आणि मी तिथंच थबकलो. व्हॉल्व्ह दाबणारी ती रॉकरची रांग, पुशरॉड, कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, उलट बाजूला डिस्ट्रिब्युटर. हे मी आधी पाहिलं होतं, शेकडो वेळा, अण्णांच्या खांद्यावरून. हे ॲम्बॅसडरचंच इंजिन आहे! दोघींचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच घराण्यातलं, बी-सीरिज. ॲम्बॅसडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे नावातच दोघींचं माहेर एक. बंगालात उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिच्यात १,४८९ सीसीचं इंजिन बसायचं, हिच्यात १,७९८ चं. मी मापं काढून पाहिली. पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली धाव, दोन्हींत ८८.९ मिलिमीटर, तोच. फक्त बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ वरून ८०.२६ वर नेलेला, आणि एकाऐवजी दोन एसयू कार्बोरेटर. साखर कारखान्याच्या चेअरमनची ती पांढरी गाडी आणि ही बुटकी मोरपंखी गाडी, एका हाडामांसाच्या!

मग टॅपेट, म्हणजे आठ व्हॉल्व्हच्या फटी लावणं. फटी मोजायचा फिलर गेज हातात घेतला, पंधरा थाऊची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशाची, पाती काढली, आणि कानात अण्णांचा आवाज आला, "बेरीज नऊ." आठवतं? ते हँडलनं इंजिन थोडं थोडं फिरवायचे आणि आपल्याला विचारायचे, "आठवा व्हॉल्व्ह दाबलाय, कुठला धरू?" आपण ओरडायचो, "पहिला!" सहावा दाबला की तिसरा, चौथा दाबला की पाचवा. चुकलं की चहा आणायला जायचं. मी तेव्हा ते पाढ्यासारखं पाठ केलं होतं, कारण कधी विचारलं नाही. थोरलीला तेच शिकवलं तर तिनं पहिल्याच फेरीत विचारलं, "पण बेरीज नऊच का?" मग आम्ही दोघं जमिनीवर खडू घेऊन बसलो. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२. पहिला आणि चौथा पिस्टन बरोबरीनं वर-खाली होतात, पण एक धूर बाहेर टाकत असतो तेव्हा दुसरा मिश्रण दाबत असतो. म्हणून एकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असेल तेव्हा दुसऱ्याचा घट्ट मिटलेला, त्याला ढकलणारा कॅम अगदी पाठ फिरवून. दुसऱ्या-तिसऱ्याचंही तसंच. आणि आठ व्हॉल्व्हची मांडणी मधून आरसा धरावा तशी आहे, त्यामुळे या टोकाकडून एक म्हणजे त्या टोकाकडून आठ. म्हणून नऊ. पंचेचाळिसाव्या वर्षानंतर मला हे कळलं, बंड्या, आणि तेही पोरीमुळं. अण्णांना सांग, आता ती आठही टॅपेट एकटी लावते. पाती ओढताना कितपत अडली पाहिजे तेही तिच्या बोटांना कळायला लागलंय.

वायरिंग तुझ्या वहिनीनं घेतलं. तिचा विषयच तो. जुन्या इंग्रजी गाड्यांत रंगांची भाषा ठरलेली असते. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी तीच पण फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली. तिला ही भाषा इतकी आवडली की तिनं अख्खा नकाशा हातानं काढून गॅरेजच्या भिंतीवर लावलाय. बरेचसे बिघाड शेवटी गंजलेल्या अर्थमध्येच निघाले. ते ती घासून, ग्रीस लावून एकेक करून मिटवत गेली. मागच्या बाकाला पट्टे बसवून होईपर्यंत मात्र पोरांना तिनं गाडीत बसू दिलं नाही. तिचं बरोबरच होतं.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं ती मार्चमधली दुपार. चावी फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टिकटिक सुरू होते. नळ्या भरल्या की ती मंदावते, थांबते. मग स्टार्टर. तिसऱ्या झटक्याला पेटलं. धाकट्याला ऑइल प्रेशरचा काटा बघायचं काम दिलं होतं, तो किंचाळला, "साठ! साठ!" वहिनी धुरात उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझे हात थरथरत होते.

तोच पंप जूनमध्ये भर पावसात एका चौकात बंद पडला. आत पॉइंट असतात, ते चिकटले. मागं गाड्यांची रांग. मी खाली वाकून पान्याच्या मुठीनं पंपाला हलकेच दोन टोले दिले, टिकटिक परत सुरू. ती टिकटिक बंद झाल्याचं धाकट्याला माझ्या आधी कळलं होतं, हे मला फार आवडलं.

ऑगस्टमध्ये तिला ॲबिंग्डनला घेऊन गेलो. १९२९ पासून तिथं एमजीचा कारखाना होता, ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला. आता तिथं कार्यालयं आणि घरं आहेत. शेजारी एमजी कार क्लबचं किम्बर हाउस आहे, ज्या सेसिल किम्बरनं एमजीला नाव मिळवून दिलं त्याच्या नावाचं. फार वेळ थांबलो नाही. पण जिथून ती ५४ वर्षांपूर्वी बाहेर पडली त्या रस्त्यावर पोरांनी तिच्या बॉनेटला हात लावून फोटो काढला.

रंग मी मुद्दामच नवा केला नाही. डाव्या दारावर एक ओरखडा आहे, तो राहू दे. प्रदर्शनात दोरीआड ठेवायची गाडी केली असती तर पोरांना सारखं "हात लावू नका" म्हणावं लागलं असतं. ही त्यांनी हात लावण्यासाठीच आणलीय. पेट्रोल मात्र जपून. इथं २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यानं जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि चिरतात. सगळ्या नळ्या बदलल्या, तरी कमी इथेनॉलचं महागडंच भरतो. तुमच्याकडे तर आता वीस टक्के. अण्णांच्या जुन्या स्कूटरच्या नळ्या एकदा बघून घे, नक्की बघ.

आता अण्णांकडे एक काम. लांब चालवून आलो की सिग्नलला आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचे मिनिटाचे फेरे, चढतं, नऊशेचं तेराशे होतं. दोन्ही कार्बोरेटरचं शोषण रबरी नळी कानाला लावून जुळवलं, अण्णांसारखंच. आवाज सारखा येतो. मग त्यांचीच युक्ती केली. थ्रॉटलच्या स्पिंडलच्या, म्हणजे हवेची झडप फिरवणाऱ्या दांडीच्या, टोकांवर तेलाचे दोन-दोन थेंब सोडले, तर पुढच्या कार्बोरेटरवर आरपीएम लगेच खाली आला. म्हणजे तिथून हवा खातोय. मागचाही थोडा हलतो. इथं बदली कार्बोरेटर मिळतात, पण मला हेच ठेवायचे आहेत. अण्णा बॉडी बोअर करून पितळी बुश बसवून घ्यायचे, ते मला आठवतं. पण स्पिंडलला किती मोकळीक ठेवायचे, आणि पितळच की गनमेटल, ते आठवत नाही. त्यांना विचार.

हिवाळ्यात इथं रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे डिसेंबर ते मार्च गाडी उभीच असते. आणि आम्ही १८ डिसेंबरला कोल्हापुरात पोचतोय, तिकिटं झालीत. दोन्ही कार्बोरेटर पेट्रोल काढून, धुऊन, वाळवून बॅगेतून आणतो. कोपऱ्यावरचा तो लेथवाला अजून आहे का? त्याचा मुलगा तरी? अण्णांना खुर्ची टाकून तिथं बसवू. थोरलीला त्यांना काहीतरी विचारायचंय, काय ते मलाही सांगत नाही.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. अण्णा काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझा,
पक्या