तक्त्यात तासांचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला हिवाळी डोंगरभटकंतीवरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती, सामानाची यादीही बरी होती. पण सोबत चार दिवसांच्या वाटचालीचा जो तक्ता छापला आहे, तो पाहून मी पेन्सिल हातात घेतली. जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला, ही खोड आता जायची नाही.

तक्त्यात पहिला दिवस १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाचा आहे. हे आकडे उन्हाळ्याचे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिलेला ठोकताळा डोंगरात फिरणारे आजही वापरतात: तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने हा टप्पा चार तासांना सहा मिनिटे कमी इतका होतो. पोटरीभर बर्फ आणि पाठीवर सतरा-अठरा किलो असताना मी हा आकडा सरळ दुप्पट धरते. म्हणजे ७ तास ४८ मिनिटे.

आता जमेची बाजू. डिसेंबरच्या अखेरीस ३० अंश उत्तर अक्षांशावर सूर्योदय ते सूर्यास्त जेमतेम सव्वादहा तास मिळतात, ४५ अंशांवर पावणेनऊ. सव्वादहाच धरू. त्यातला सकाळचा एक तास आवराआवरीत जातो, कारण गोठलेली तंबूची दोरी हातमोजे घालून सोडवायची असते. दिवसभरातल्या थांब्यांना एक तास द्या. आणि बर्फ तुडवून, दाबून त्यावर तंबू उभा करायचा तर अंधाराआधी दीड तास चालणे थांबायला हवे. चालायला उरतात पावणेसात तास. पहिल्याच दिवशी एक तास तीन मिनिटांची तूट, तीही वाट एकदाही न चुकता! दुसऱ्या दिवशी ही बाकी पुढे ओढली जाते आणि पायांत कालचा थकवा जास्तीचा. हाच टप्पा ८ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाचा केला, तर सव्वापाच तासांत बसतो आणि हाताशी दीड तास राहतो.

लेखात पाण्याबद्दल ‘वाटेत ओढे आहेत’ एवढे एकच वाक्य आहे. त्या वाक्यापायी मी पत्र लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी मी आणि माझा धाकटा भाऊ अशाच चार दिवसांच्या वाटेवर होतो. नकाशात ओढा होता, प्रत्यक्षातही होता, पण तळापर्यंत गोठलेला. मग बर्फ वितळवणे आले. इंधनाचा अंदाज मी उन्हाळ्याच्या सवयीने केला होता. बर्फाचे नुसते पाणी करायला जी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापते. ताज्या भुसभुशीत बर्फाची दहा-दहा भांडी ओतावी तेव्हा कुठे एक भांडे पाणी होते, आणि तळाशी घोटभर पाणी आधी घातले नाही तर भांडे करपते. माणशी चार लिटर धरले, तर दोघांचे आठ. माझ्या खात्यात ही नोंदच नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी शेगडीची ज्योत सदऱ्याच्या गुंडीएवढी झाली. तळाशी थोडा गॅस होता, पण तो ब्यूटेन. उणे अर्ध्या अंशाच्या खाली त्याची वाफच होत नाही. भावाने कॅनिस्टर काखेत धरून ऊब दिली, तेव्हा अर्धा लिटर पाणी कसेबसे झाले. ‘ताई, हिशेब तुझ्याकडे होता ना?’ एवढेच तो म्हणाला. जवळची भरलेली बाटली तोंडाशी गोठली होती. पाणी वरून गोठते, म्हणून बाटली उलटी ठेवतात, हे मला माहीत होते. त्या रात्री सुचले नाही. सकाळी तंबूच्या कापडाला धक्का लागला आणि रात्रभराच्या श्वासाचे दव, आता हिमकण झालेले, मानेवर सांडले. आम्ही तिथूनच मागे फिरलो. तेव्हापासून प्रोपेन मिसळलेला हिवाळी गॅस नेते, आणि तोही उन्हाळ्याच्या दुप्पट. शेगडी मात्र कितीही थंडी असली तरी बंद तंबूत पेटवत नाही. शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्लीपिंग बॅगबद्दलही लेखकाची गफलत झाली आहे. ‘उणे २० ची बॅग’ असे म्हणून भागत नाही. लेबलवर तीन आकडे असतात: आरामाचा, मर्यादेचा आणि टोकाचा. टोकाचा आकडा एवढेच सांगतो की त्या तापमानाला सहा तास काढले तर गारठून मरणार नाही. झोपेची हमी त्यात नाही, हिमदंशही होऊ शकतो. निवड आरामाच्या आकड्यावरून करावी. आणि खालची चटई? ती यादीत आहे, पण एकच. बर्फावर दोन लागतात. त्यांचे उष्णतारोधाचे आकडे सरळ बेरजेने वाढतात, आणि हवेची फुटली तर फोमची उरते.

हिमप्रपातावर, म्हणजे उतारावरून बर्फाचा लोट कोसळण्यावर, मी बोलणे म्हणजे दुसऱ्याच्या खात्यात हात घालणे. ते रीतसर शिकूनच जावे. पण आखणीपुरते सांगते: असे लोट बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, ते उतार नकाशावर आधीच रंगवून ठेवा, आणि नवा बर्फ भरपूर पडला की थांबायला एक दिवस शिलकी ठेवा. तक्त्यात तो नाही. तसेच ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये म्हणतात. तुमचा तिसरा दिवस ८०० ने चढतो.

तेव्हा विनंती एवढीच, की हा तक्ता दुरुस्त करून पुन्हा छापावा. किलोमीटरशेजारी तास, त्यापुढे त्या मुक्कामावर किती लिटर पाणी वितळवावे लागेल ते, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी किती वाजता, कुठेही असलो तरी, मागे फिरायचे ती वेळ. रकाने मी आखून देईन.

आपली,
एक निवृत्त हिशेबतपासनीस