चि. ताईस पत्र: कॉस्टकोचं कार्ड काढावं का

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

तिकडे अमेरिकेत कॉस्टको म्हणून वर्गणी भरून ठोक मापात माल घ्यायचं दुकान आहे, त्याचं कार्ड काढावं का असं तू विचारलंस. काढ. पण वर्षाला ६५ डॉलर वर्गणीवालं काढ, १३० वालं आत्ता नको. फोनवर एवढंच सांगितलं असतं तर तू लगेच "का पण, बाबा?" म्हटलं असतंस, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याचं नीट उत्तर देता येत नाही. म्हणून दुकान बंद करून लिहायला बसलो. जावईबापूंनाही वाचून दाखव, कारण पैसे दोघांचे आहेत.

आधी ही दुकानं आली कुठून ते बघ. १९७६ साली सॅन दिएगोला सोल प्राइस नावाच्या माणसानं विमानाच्या जुन्या हँगरात 'प्राइस क्लब' उघडला. वर्षाची वर्गणी भरायची आणि ठोक भावात माल न्यायचा. सुरुवातीला तो फक्त छोट्या धंदेवाल्यांसाठी होता, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. घरगुती गिऱ्हाइकाला आत घेतलं ते नंतर. सोल प्राइसच्याच हाताखाली धंदा शिकलेल्या जिम सिनेगल यांनी भागीदारासोबत १९८३ मध्ये सिएटलला कॉस्टको काढलं. वॉलमार्टचा सॅम्स क्लबही त्याच वर्षीचा. १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एक झाले. तेव्हा ही मूळची दुकानदाराची सोय आहे, आणि तिथली मापं अजूनही दुकानदाराचीच आहेत. दोन माणसांच्या घरात ती मापं नेताना इथेच पहिला विचार करायचा.

आपल्या अमरावतीला वॉलमार्टचं बेस्ट प्राइस हे ठोक मालाचं दुकान आलं होतं, तुला आठवत असेल. आत जायला दुकानाचं लायसन लागायचं. परदेशी कंपनीला आपल्याकडे दुकानदाराला ठोक विकायला मोकळीक आहे, घरच्या गिऱ्हाइकाला थेट विकायचं तर बंधनं आहेत, म्हणून ते तसं. २०२० मध्ये तो धंदा फ्लिपकार्टकडे गेला. ठोकाचा माल मी कुठूनही आणला तरी पावतीवरचा भाव कधी खरा धरत नाही. गाडीभाडं, हमाली, रस्त्यात फुटलेला एखादा पुडा, कट्ट्यातली तूट हे सगळं त्यात मिळवायचं आणि मग किलोमागे काय पडलं ते काढायचं. साखरेचा ५० किलोचा कट्टा फोडला आणि पाव-पाव किलोनं विकला, तर शेवटी ५० किलोचे पैसे गल्ल्यात येत नाहीत. काही तागडीच्या झुकत्या मापात जाते, काही कट्ट्याच्या शिवणीत अडकून राहते, काही खाली सांडून मुंग्यांना जाते. तुझ्या घरातही तूट होणार आहे. फक्त तिथे ती फ्रिजमध्ये मागं सरकलेल्या डब्यात होते आणि कुणी वहीत लिहीत नाही.

आता वर्गणीचं. कॉस्टको स्वतःच्या खरेदीभावावर साधारण १४ टक्क्यांच्या वर चढवत नाही, स्वतःच्या कर्कलंड मार्क्याच्या मालावर १५. एवढ्या मोठ्या दुकानाचा पगार, वीज, भाडं त्यातून काढणं किती अवघड ते मला कळते. मग पैसा येतो कुठून? २०२४ च्या आर्थिक वर्षात त्यांना नुसत्या वर्गणीचे सुमारे ४८३ कोटी डॉलर मिळाले, आणि सगळा खर्च न् कर जाऊन उरलेला नफा होता सुमारे ७३७ कोटी डॉलर. म्हणजे दारात घेतलेली वर्गणी हाच त्यांच्या कमाईचा मोठा आधार आहे. मालावर कमी कमवायचं आणि माणूस दरवर्षी परत यावा एवढा विश्वास राखायचा, असा तो धंदा आहे. मला तो सचोटीचा वाटतो. समाधान झालं नाही तर वर्गणी पूर्ण परत देतात, तीही वर्षाच्या मधे कधीही. त्यामुळे ६५ डॉलर बुडतील ही भीती मनातून काढून टाक.

भीती दुसऱ्या गोष्टीची धर. वर्गणी भरलेला माणूस ती वसूल करायच्या नादाला लागतो. "एवढे भरले, आता घेऊनच टाकू" म्हणत गाडा भरतो. साध्या अमेरिकन सुपरमार्केटात ३० हजारांच्या आसपास जिनसा असतात आणि कॉस्टकोत जेमतेम ४ हजार. निवडायला कमी असलं की माणूस पटकन उचलतो. भाजलेली कोंबडी ४ डॉलर ९९ सेंटला देतात, वर्षानुवर्षं तोच भाव, आणि ती ठेवतात पार मागच्या टोकाला. तिथपर्यंत जाताना टीव्ही, चादरी, खेळणी सगळं डोळ्यांखालून जाते. मीही गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या समोर ठेवतो आणि मीठ आत, म्हणून सांगतो. घरून यादी लिहून ने आणि यादीबाहेरची एखादी वस्तू मनात भरलीच, तर ती पुढच्या खेपेच्या यादीत लिही. तोवर हौस ओसरलेली असते.

हिशोब असा मांड. तू आत्ता जिथून घेतेस त्याच्यापेक्षा कॉस्टकोत शंभरामागे दहा कमी पडतात असं समजू. मग ६५ डॉलर भरून निघायला वर्षाला ६५० डॉलरचा माल लागतो, म्हणजे महिन्याला ५४-५५. तुमच्या घरात तेवढा सहज लागेल. पण हा माल तू एरवीही घेतलाच असतास, असा पाहिजे. आणि आणलेल्यातला दहावा हिस्सा कचऱ्यात गेला, तर स्वस्ताई तिथेच संपली, वर ६५ डॉलर अंगावर. भाव बघताना पाकिटावरचा मोठा आकडा सोड. खालच्या बारीक पट्टीवर पौंडाला किंवा औंसाला किती ते लिहिलेलं असते, तेच बघ. सुपरमार्केटात सेल असला की तिथला छोटा पुडाही कधीकधी पौंडाला स्वस्त पडतो.

शिवाय आपल्या स्वयंपाकातलं अर्धं सामान तिथे मिळणारच नाही. तुरीची डाळ, पोहे, ज्वारीचं पीठ, हिंग हे तुला देसी दुकानातूनच आणावं लागते असं तूच म्हणत होतीस. मग कॉस्टकोचं काय उरलं? तांदूळ, दूध, तेल, बदाम, तूप, साबण, कागदी रुमाल. आणि पेट्रोल.

पेट्रोलचं सगळेजण सांगतात, तर तेही करून बघ. समज गॅलनमागे २० सेंट कमी आहेत आणि एका वेळी १२ गॅलन भरतेस. २ डॉलर ४० सेंट वाचले. महिन्यात तीनदा भरलं तर वर्षाचे ८६ डॉलर होतात, वर्गणी एकट्या पेट्रोलात निघाली. पण तू म्हणालीस का ते दुकान घरापासून १२ मैल आहे. फक्त पेट्रोलासाठी जाऊन-येऊन २४ मैल गाडी चालवलीस तर जवळपास एक गॅलन तिथेच जळेल, आणि वाचलेल्यापेक्षा जास्त गेलं. जावईबापूंच्या ऑफिसच्या वाटेवर पडत असेल तर हा फायदा खरा. नसेल तर तो हिशोबात धरूच नको.

साठवणीचं तुला शिकवायची गरज नाही, उन्हाळ्यात आजीसोबत बसून तू सगळं केलेलं आहेस. वर्षाचा गहू कोठीत भरताना मधे मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. हातावर थोडंसंच तेल घेऊन डाळ अशी चोळायची का प्रत्येक दाण्याला चकाकी यावी पण बोटाला चिकटू नये, मग दिवसभर सावलीत पसरून पिप्यात. वर्षभर किडा लागत नाही. वर्षाचं एकदम भरायचं हे आपल्याला कॉस्टकोनं शिकवलेलं नाही. पण आपली माणसं कधी वर्षाचं तेल भरत नाहीत, वर्षाचा मसाला कुटून ठेवला तरी हिंगाचा खडा घालून बरणी बांधतात, आणि दळण तर आठवड्याचंच आणतात. तीच समज तिथे वापर. तांदळाची मोठी पिशवी खुशाल घे. बदाम घे, पण ३ पौंडाची पिशवी म्हणजे १३६० ग्रॅम होतात, तेव्हा अर्धे फ्रीजरमध्ये. गव्हाचं पीठ, दळलेला मसाला, अक्रोड हे महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढंच आण. खवट दाणा चवीच्या आधी वासाला कळतो. मूठभर हातात धरून जरा गरम होऊ दे आणि हुंग. भाजी, फळं, पावाच्या जोडपुड्यांचं दोघांच्या घरात काम नाही.

आता बाळाचं. तू कार्डाचा विचार त्याच्यासाठीच सुरू केलास हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच मी नाही म्हणत नाही. डायपर, पुसायचे ओले कागद, दूध, धुण्याचा साबण यांचा खप आता असा वाढेल का दर महिन्याला आपोआप हिशोब बसेल. पण अगदी लहान मापाच्या डायपरांची पेटी आधीच आणून ठेवू नको. नवं बाळ काही आठवड्यांत ते माप ओलांडते, आणि फोडलेली पेटी पडून राहते. एक छोटा पुडा जवळच्या दुकानातून घे. बाळाचं वजन एका मापावर स्थिरावलं का मग मोठी पेटी. सुरुवातीला बाळासाठी आईनं जमवलेले लंगोट आहेतच. जुन्या सुती लुगड्याचे धुऊन, उन्हात वाळवून तिनं गाठोडं बांधून ठेवलं आहे. बाळंतपणाला येताना डिंक, खारीक, हळीव ती इथून आणेल. बदामांबद्दल तिचा निरोप आहे, तिच्याच शब्दांत देतो: "पोरीले सांगा, बदाम तिथंच घेऊन ठेव म्हना. इथून वज्जं कायले न्यायचं?" लाडवांचे बदाम तिथले चांगले असतात असं तिला शेजारच्या काकूंनी सांगितलं आहे.

१३० वालं कार्ड का नको ते सांगतो. १ सप्टेंबर २०२४ पासून साधं ६० चं ६५ झालं आणि वरचं १२० चं १३०. वरच्या कार्डावर वर्षाच्या खरेदीचे २ टक्के परत मिळतात. जास्तीचे ६५ भरून यायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी पाहिजे, महिन्याला सुमारे २७०. आणि पेट्रोल त्यात धरत नाहीत. आज तुमची खरेदी तेवढी नाही. बाळ झाल्यावर कदाचित जाईल. तेव्हा वरचं कार्ड करता येते, कुणी अडवत नाही. दुकानातला माणूस वर्गणी भरतानाच वरच्या कार्डाबद्दल गोड बोलेल. त्याला नम्रपणे सांग, आत्ता साधंच.

एका वर्गणीत घरातल्या दुसऱ्या माणसालाही कार्ड मिळते, तेव्हा जावईबापूंचं वेगळं भरू नका. तिथे क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं चालते, ते आधी बघून जा. आणि खरेदीचं बिल महिन्याच्या महिन्याला पूर्ण भरा. मी दुकानात उधारीची वही ठेवतो, पण व्याज लावत नाही. बँक लावते, आणि तिच्या व्याजापुढे ठोकाची बचत टिकत नाही.

मैत्रिणींना कार्ड वापरायला देऊ नको. ते नियमात बसत नाही, आणि दारातच कार्ड तपासतात. पण आणलेला माल वाटून घ्यायला कुणाची ना नाही. आपल्या गल्लीतल्या बाया मिळून शेंगदाण्याचं पोतं घेतात, ओट्यावर तागडी लावून आपापला वाटा उचलतात आणि पैसे तिथल्या तिथं चुकते करतात. तुझ्या वरच्या मजल्यावरची ती यवतमाळची मुलगी एकटी राहते म्हणालीस. तिला विचार. तांदळाची एक पिशवी, बदामांची एक पिशवी, अर्धी-अर्धी. तिचा वर्गणीचा खर्च वाचेल आणि तुझ्या घरात काही पडून राहणार नाही. पैशांचं मात्र त्याच दिवशी मिटवायचं, मैत्री कितीही घट्ट असो.

जवळ सॅम्स क्लब असेल तर तोही एकदा बघून ये. २०२२ मध्ये त्यांची साधी वर्गणी ४५ वरून ५० झाली, म्हणजे कॉस्टकोपेक्षा कमीच होती. आज किती आहे ते दारात विचार. दोन्हीतलं जे तुमच्या रोजच्या वाटेवर आहे ते घ्या. पाच-दहा डॉलरच्या फरकासाठी लांबचं धरू नका. दोन्ही मात्र काढू नका.

कार्ड काढायच्या आधी एक काम कर. मागच्या दोन महिन्यांची सगळ्या दुकानांची बिलं काढ, फोनमधली आणि कागदाची, आणि त्यातले जे जिन्नस कॉस्टकोत मिळतात त्यांवर खूण करून फोटो पाठव. जे आणून टाकून द्यावं लागलं त्यावर वेगळी खूण कर. ते लपवू नको, त्याच्याशिवाय हिशोब खरा निघत नाही. मी इथे बसून वहीत मांडतो आणि रविवारी फोनवर सांगतो. तब्येतीला जप, जड पिशव्या आता तू उचलायच्या नाहीत, ते जावईबापू करतील.

आईचे आणि आजीचे आशीर्वाद.

तुझे
बाबा